दोन कागदांच्या वजनाएवढा जोर

हे दोन कागद बघा. झेरॉक्सच्या दुकानात मिळतात ते साधे ए-फोरचे. तळहातावर ठेवले तर वजन जाणवतसुद्धा नाही. एवढ्या जोरावर एक यान आधी एका लघुग्रहाजवळून आणि मग एका धूमकेतूजवळून गेलं. त्याचं नाव 'डीप स्पेस १'. नासानं ते ऑक्टोबर १९९८ मध्ये सोडलं. वजन पाचशे किलोच्या थोडं आत, आणि इंजिनाचा जास्तीत जास्त जोर ९२ मिलिन्यूटन. म्हणजे हे दोन कागद.

रॉकेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आग येते, धूर येतो, छातीत घुमणारा आवाज येतो. मी आज ज्या इंजिनांबद्दल बोलणार आहे त्यांना आवाज नाही, धूर नाही. जमिनीवर ठेवली तर ती स्वतःचं वजनही उचलू शकणार नाहीत. तरीही सूर्यमालेत लांबवर जाऊन तिथे थांबायचं असेल, एका ग्रहगोलाभोवती फिरून पुढच्याकडे जायचं असेल, तर आज याच इंजिनांकडे बघावं लागतं. विजेच्या बळावर यान पुढे ढकलायच्या या पद्धतीला विद्युत प्रणोदन म्हणतात.

वीज म्हटल्यावर कुणाला वाटेल, मोटार असेल, चाक फिरत असेल. पण अवकाशात चाकाला रेटायला रस्ता नाही आणि पंख्याला ढकलायला हवा नाही. तिथे पुढे जायचा एकच मार्ग, जवळचं काहीतरी मागे फेकायचं.

समजा, तलावाच्या मधोमध तुमची होडी अडकली आहे. वल्ही वाहून गेली आहेत आणि होडीत दगडांची एक रास आहे. एकेक दगड मागे भिरकावला की होडी थोडी थोडी पुढे सरकेल. आता दगड नुसत्या हातानं फेकला तर होडीला मिळणारा रेटा वेगळा आणि तोच दगड गोफणीतून सोडला तर वेगळा. ज्यांनी जोंधळ्याच्या शेतात माचणावर उभं राहून पाखरं राखली आहेत त्यांना गोफणीतून सुटलेल्या दगडाचा वेग सांगायला नको. दगड तेवढाच, पण रेटा कितीतरी जास्त. रास तीच, पण ती होडीला कितीतरी लांब नेते.

रासायनिक रॉकेट म्हणजे हातानं फेकलेला दगड. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणारं उत्तमातलं उत्तम इंजिनसुद्धा आपला वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं मागे फेकू शकत नाही. इंधनातल्या रासायनिक बंधांमध्ये ऊर्जाच तेवढी असते. विजेला हे बंधन नाही. अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घ्या, त्याचा आयन करा आणि हजारभर व्होल्टच्या दाबानं त्याला ओढा. तो सेकंदाला तीस किलोमीटरच्या वेगानं बाहेर पडतो. ही आपली गोफण.

पण गोफण फिरवायला दंडात बळ लागतं. फेकण्याचा वेग दुप्पट केला तर एका दगडामागे मिळणारा रेटा दुप्पट होतो, आणि त्याला लागणारी ऊर्जा मात्र चौपट होते. सगळा हिशेब इथे अडतो. यानावर वीज येणार ती सौर पंखांतून. डीप स्पेसच्या इंजिनाला जास्तीत जास्त २,३०० वॅट मिळायचे, म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या गिझरएवढे. एवढ्या विजेत दर सेकंदाला फार थोडे अणू फेकता येतात. म्हणून जोर दोन कागदांएवढा.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग असा की अवकाशात घर्षण नाही. लावलेला जोर वाया जात नाही, साठत जातो. आज थोडा, उद्या थोडा, अशा महिन्यांमागून महिने. डीप स्पेसचं इंजिन एकूण १६,२६५ तास चाललं आणि ७४ किलोपेक्षाही कमी झेनॉन, म्हणजे मागे फेकायचा वायू, वापरून त्यानं यानाच्या वेगात सेकंदाला ४.३ किलोमीटरची भर घातली. त्याच्यानंतर आलेल्या डॉन या यानाला शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचायला चार दिवस लागायचे. पण ते वर्षानुवर्षं ढकलत राहिलं.

म्हणून या इंजिनाकडे बघताना मी जोर किती हे आधी विचारत नाही. ते टिकेल किती, हे विचारतो. रासायनिक इंजिन काही मिनिटं जळतं आणि त्याचं काम संपतं. या इंजिनाला दहा-वीस हजार तास, कुणी दुरुस्तीला जाणार नाही अशा ठिकाणी चालायचं असतं. साठ वर्षांचा या तंत्रज्ञानाचा इतिहास मी जेवढा वाचला आहे त्यावरून मला तरी दिसतं की जगभरातल्या लोकांनी यात सगळ्यात जास्त डोकं खर्च केलं ते झीज थांबवण्यावर.

झीज म्हणजे काय ते आपल्या घरातच दिसायचं. जुनी ट्यूबलाइट आठवा. वर्ष-दोन वर्षांनी तिची दोन्ही टोकं काळी पडायची. आत थोडा वायू, थोडा पारा, आणि दोन टोकांना इलेक्ट्रोड. वीज सोडली की वायूचे आयन होतात, ते इलेक्ट्रोडवर आपटतात, त्याचे कण उडवतात आणि ते कण काचेला आतून चिकटतात. इलेक्ट्रोड तापून त्याचा लेपही उडत असतो. ते काळं म्हणजे आतून झिजलेलं इलेक्ट्रोड. आयन इंजिन हे या ट्यूबलाइटचं भावंडच आहे. पहिली इंजिनं तर पाऱ्यावरच चालायची.

मी कॉलेजात बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत एक डिस्चार्ज ट्यूब होती. व्हॅक्यूम पंप लावून हवा काढत गेलं की आधी जांभळट नागमोडी धागे दिसायचे, मग सगळी नळी भरून गुलाबी उजेड पसरायचा. मुलं गप्प व्हायची. एकदा तो उजेड दिवसभर येईचना. पंप तपासला, तेल बदललं, सगळ्या जोडण्या पुन्हा घट्ट केल्या. संध्याकाळी सापडलं की रबरी रिंगवर एक केस अडकला होता. एका केसाच्या फटीतून हवा आत येत होती. ही इंजिनं बनवणाऱ्यांच्या कामाचा स्वभाव मला त्या दिवशी थोडासा कळला असं वाटतं.

आता इंजिनाच्या तोंडाशी जाऊन बघू. डीप स्पेसच्या इंजिनाचं तोंड म्हणजे तीस सेंटीमीटर व्यासाच्या, मॉलिब्डेनम धातूच्या दोन चाळण्या, एकीमागे एक. प्रत्येकीला पंधरा हजारांच्या घरात भोकं, भोकासमोर भोक. दोन चाळण्यांमधलं अंतर एक मिलिमीटरसुद्धा नाही आणि त्या अंतरात हजाराहून जास्त व्होल्ट. आतल्या डब्यात झेनॉन वायू सोडतात, इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे आयन करतात. आयन पहिल्या चाळणीच्या भोकाशी आला की दुसरी चाळणी त्याला खेचून घेते आणि तो सरळ भोकातून बाहेर सुटतो. अंधारात मागे फिकट निळा झोत दिसतो.

सगळे आयन आपापल्या भोकातून नीट गेले असते तर काहीच झिजलं नसतं. पण आयन न झालेले काही अणूही भोकांतून हळूहळू बाहेर झिरपत असतात. वेगानं जाणारा आयन अशा संथ अणूजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन पळवतो. स्वतः तटस्थ होऊन निघून जातो आणि मागे एक संथ आयन ठेवतो. त्याला बाहेर सुटण्याएवढा वेग नसतो, म्हणून तो मागे खेचला जाऊन बाहेरच्या चाळणीवर आपटतो आणि धातूचे अणू उडवतो. एका आयनानं काही बिघडत नाही. हजारो तासांनी भोकं रुंदावतात, मधला धातू पातळ होतो. उडालेला धातू कुठेतरी साचून पापुद्रा सुटला आणि दोन चाळण्यांमध्ये अडकला, तर शॉर्ट सर्किट.

आणखी एक भाग आहे, न्यूट्रलायझर. यान धन आयन फेकत राहिलं तर त्याच्यावर ऋण भार साठेल आणि बाहेर गेलेले आयन परत यानाकडेच ओढले जातील. म्हणून झोताच्या शेजारी एक छोटी नळी बसवतात, ती आयनांच्या जोडीनं इलेक्ट्रॉन सोडत राहते. दिसायला बोटाएवढी, पण ती बंद पडली तर इंजिन असून नसल्यासारखं. ही नळी लक्षात ठेवा, थोड्या वेळानं तिचं काम पडणार आहे.

कल्पना तशी खूप जुनी. रॉकेटविद्येचा पाया घालणाऱ्या तिघांनाही ती सुचली होती. अमेरिकेत गॉडर्डच्या वहीत ती १९०६ साली सापडते, रशियात त्सिओल्कोव्हस्कीनं १९११ मध्ये तिचा उल्लेख केला आणि १९२९ साली हर्मान ओबर्थनं आपल्या पुस्तकात तिच्यावर एक आखं प्रकरण लिहिलं. पण चालेल असं इंजिन १९५९ साली क्लीव्हलँडमधल्या नासाच्या केंद्रात हॅरोल्ड कॉफमन यांनी तयार केलं, पाऱ्याच्या वाफेवर चालणारं. ते अवकाशात गेलं २० जुलै १९६४ ला, 'सर्ट १' या उड्डाणात. त्यात दोन वेगवेगळी इंजिनं होती. सीझियमवर चालणारं दुसरं इंजिन शॉर्ट झाल्यामुळे सुरूच झालं नाही. कॉफमन यांचं ३१ मिनिटं चाललं. उड्डाण कक्षेत जाणारं नव्हतंच, वर जाऊन खाली येणारं होतं. पण त्या ३१ मिनिटांना मोल होतं. जमिनीवरच्या निर्वात कक्षात झोत भिंतीवर आदळतो आणि भिंत त्याला इलेक्ट्रॉन पुरवते. त्यामुळे मोकळ्या अवकाशात न्यूट्रलायझर खरंच काम करेल का, हे पृथ्वीवर छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. ते त्या दिवशी कळलं.

फेब्रुवारी १९७० मध्ये 'सर्ट २' गेलं. त्याची दोन इंजिनं महिनोन् महिने चालावीत असा बेत होता. एक ३,७८१ तास चाललं, दुसरं २,०११ तास. दोन्ही थांबली चाळण्यांमधल्या शॉर्टमुळे. ट्यूबलाइटची टोकं काळी पडली म्हणा ना. यानंतर अमेरिकेत हे तंत्र बराच काळ प्रयोगशाळेतच राहिलं. कुठल्याही मोहिमेच्या प्रमुखानं 'हे इंजिन पाच वर्षं चालेल का' असं विचारलं की ठाम उत्तर देता येत नव्हतं.

त्याच काळात सोव्हिएत रशियात लोक वेगळ्या वाटेनं चालले होते. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत अलेक्सेई मोरोझोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळणीच काढून टाकली. त्यांनी एक अंगठीसारखी पोकळ खाच केली आणि तिच्यात आडवं चुंबकीय क्षेत्र ठेवलं. हलके इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात अडकून अंगठीभोवती गोल गोल फिरत राहतात. जड आयनांवर त्या क्षेत्राचा फारसा परिणाम होत नाही, ते सरळ बाहेर सुटतात. यालाच हॉल थ्रस्टर म्हणतात. डिसेंबर १९७१ मध्ये सुटलेल्या एका मेटिऑर हवामान उपग्रहावर तो बसवला होता आणि १९७२ च्या सुरुवातीला त्यानं उपग्रहाची कक्षा काही किलोमीटर वर उचलली. हॉल थ्रस्टरवर अमेरिकेतही काम सुरू झालं होतं, पण त्यांनी ते सोडून दिलं. रशियानं सोडलं नाही. कालिनिनग्राडच्या फाकेल कारखान्यात हे थ्रस्टर बनत राहिले आणि एकामागून एक उपग्रहांवर जात राहिले. सोव्हिएत संघ मोडल्यावर पाश्चात्त्य अभियंते तिकडे बघायला गेले तेव्हा त्यांना कळलं की आपण ज्याला प्रयोग समजतो ते इथे वीस वर्षं रोजचं काम आहे. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. वीस वर्षं एकच गोष्ट नेटानं करत राहणं यातून काय उभं राहतं ते त्यात दिसतं.

आता पुन्हा डीप स्पेसकडे. १० नोव्हेंबर १९९८ ला त्याचं आयन इंजिन अवकाशात पहिल्यांदा सुरू केलं. साडेचार मिनिटांत ते आपोआप बंद पडलं आणि लगेच पुन्हा सुरू होईना. अंदाज असा होता की चाळण्यांच्या मध्ये कुठला तरी बारीक कण अडकला असावा. मग यान कधी उन्हाकडे वळवलं, कधी सावलीकडे, म्हणजे धातू प्रसरण-आकुंचन पावून कण सुटेल. २४ नोव्हेंबरला इंजिन सुरू झालं आणि मग चालतच राहिलं. केसाएवढा अडथळा, आणि तो दूर करायला हात पोचत नाही. दोन आठवडे त्या लोकांनी कसे काढले असतील याचा मी अनेकदा विचार करतो.

पण या सगळ्यात माझं मन सगळ्यात जास्त गुंततं ते हायाबुसात. जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे ससाणा. मे २००३ मध्ये हे पाचशे दहा किलोचं यान इटोकावा नावाच्या लघुग्रहाकडे निघालं. तिथली माती घेऊन परत यायचं होतं. त्याला चार आयन इंजिनं होती, प्रत्येकाचा जोर ८ मिलिन्यूटन, म्हणजे यातल्या एका कागदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. इंजिनांची जबाबदारी हितोशी कुनिनाका यांच्याकडे होती. त्यांनी झीज कमी करायला एक वेगळी युक्ती केली होती. आत इलेक्ट्रॉन सोडणारं कॅथोडच ठेवलं नाही, मायक्रोवेव्हनं वायूचे आयन करायचे. जे नाहीच ते झिजणार कसं? चाळण्याही धातूच्या नाहीत, कार्बनच्या.

यानाचे हाल मात्र निघाल्यापासून सुरू झाले. चारपैकी एक इंजिन सुरुवातीलाच नीट चालेना म्हणून बाजूला ठेवलं. २००३ च्या अखेरीला सूर्यावर मोठा उद्रेक झाला, त्यानं सौर पंखांची वीज घटली. यानाचा तोल सांभाळणाऱ्या तीन चक्रांपैकी दोन २००५ मध्ये बंद पडली. नोव्हेंबर २००५ मध्ये यान इटोकावावर दोनदा उतरलं, माती उडवण्यासाठी झाडायची गोळी झाडली गेली नाही, आणि वर उठल्यावर रासायनिक इंधनाची गळती झाली. ८ डिसेंबरला संपर्क तुटला. जानेवारीच्या अखेरीला पुन्हा एक क्षीण संदेश आला.

आता यानाकडे तोल सांभाळायला एक चक्र आणि आयन इंजिनांसाठी ठेवलेला झेनॉन, एवढंच उरलं होतं. तेव्हा त्यांनी तो झेनॉन न तापवता, आयन न करता, न्यूट्रलायझरच्या नळ्यांतून नुसता फुंकला आणि त्या फुंकरीच्या रेट्यानं यान वळवलं. नंतर सूर्यप्रकाशाचा जो अगदी सूक्ष्म दाब यानावर पडतो, त्याचाही तोल सांभाळायला उपयोग करून घेतला. २००७ मध्ये घरी परतायचं यान तीन वर्षं उशिरा, पण घराकडे निघालं.

नोव्हेंबर २००९. पृथ्वीला पोचायला सात महिने उरले होते आणि चालणारं इंजिन बंद पडलं. आधी एकाचा न्यूट्रलायझर गेला होता, आता दुसऱ्याचाही. आयन तयार करणारे डबे शाबूत होते. जिथे कॅथोड काढून टाकलं होतं ती बाजू टिकली, आणि बोटाएवढ्या इलेक्ट्रॉनच्या नळ्या झिजल्या. उरलेल्या एका इंजिनाच्या बळावर वेळेत घरी येणं शक्य नव्हतं.

तेव्हा असं केलं. सुरुवातीलाच बाजूला ठेवलेलं जे इंजिन ए होतं, त्याचा न्यूट्रलायझर जवळजवळ नवा होता. इंजिन बी चा आयनांचा डबा चांगला होता. एकाचे इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्याचे आयन, दोन अर्धवट इंजिनांचं मिळून एक. पण दोघांची वीज वेगवेगळ्या मंडळांत. ती जोडायला हाताने तार जोडणार कोण? उत्तर यानावरच होतं. उड्डाणापूर्वीच विद्युत मंडळात एक छोटा डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, बसवून ठेवलेला होता, असा प्रसंग आलाच तर विजेला वाट असावी म्हणून. सहा वर्षं तो कुणाच्या कामाला आला नव्हता. आता त्यातून वीज वाहिली आणि इंजिन सुरू झालं.

१३ जून २०१० च्या रात्री ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या वाळवंटावर आकाशात एक उजेडाची रेघ उमटली. यान जळत होतं, तुकडे होत होते, आणि त्याच्यापुढे एक ठिपका शांतपणे येत होता. तो मातीचा डबा. त्यात इटोकावाचे सुमारे दीड हजार कण निघाले, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. लघुग्रहावरची माती माणसानं पहिल्यांदा घरी आणली ती अशी. त्या रात्रीचं चित्रीकरण मी आजही बघतो तेव्हा मला त्या डायोडची आठवण येते. कुणीतरी एका दुपारी विद्युत मंडळाचा नकाशा समोर ठेवून 'समजा, असं झालं तर' असा विचार केला होता.

युरोपचीही अशीच एक गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगतो. जुलै २००१ मध्ये आर्टेमिस उपग्रह एरियन ५ रॉकेटच्या दोषामुळे फार खालच्या कक्षेत पडला. रासायनिक इंजिनानं त्याला ३१,००० किलोमीटरपर्यंत आणलं, पण शेवटचे पाच हजार किलोमीटर बाकी राहिले. उपग्रहावर आयन इंजिनं होती, ती वर चढायला नव्हती, जागेवर राहण्यासाठी किरकोळ ढकलायला होती. त्यांची दिशाही चुकीची. मग जमिनीवरून नवं सॉफ्टवेअर पाठवलं, सगळा उपग्रह आडवा वळवला आणि दिवसाला साधारण पंधरा किलोमीटर अशा चालीनं तो चढत गेला. ३१ जानेवारी २००३ ला तो आपल्या जागी पोचला.

आज हे तंत्र रोजच्या वापरात आलं आहे. मार्च २०१५ मध्ये फक्त विजेवरच वर चढणारे दोन दळणवळण उपग्रह एकाच रॉकेटवरून गेले. त्यांना मुक्कामी पोचायला महिने लागतात, पण इंधनाचं वजन इतकं वाचतं की एका रॉकेटात दोन मावतात. २०१९ पासून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे हजारो उपग्रह हॉल थ्रस्टर घेऊन गेले. झेनॉन हवेत कोटीत एका भागाहूनही कमी आणि म्हणून महाग, तेव्हा त्यांनी आधी क्रिप्टॉन घेतला आणि २०२३ पासून आर्गॉन. आर्गॉन म्हणजे एमआयडीसीतल्या वेल्डिंगच्या शॉपमध्ये कोपऱ्यात सिलिंडर उभा असतो ना, तोच वायू.

हॉल थ्रस्टरची झीज थांबवण्याचं कोडंही अनपेक्षित रीतीनं सुटलं. त्यात चाळणी नसली तरी सिरॅमिकच्या भिंती असतात आणि आयन त्या कुरतडतात. अमेरिकेत एका थ्रस्टरची दीर्घ चाचणी चालू असताना सुमारे ५,६०० तासांनंतर भिंतीची झीज जवळजवळ थांबली. थ्रस्टर दहा हजार तासांच्या पुढे चालला. का थांबली, हे नंतर गणितानं उलगडलं. भिंत झिजून झिजून अशा आकाराची झाली होती की चुंबकीय रेषा तिला समांतर जाऊ लागल्या होत्या आणि आयन भिंतीकडे वळतच नव्हते. मग नव्या थ्रस्टरांमध्ये चुंबकीय क्षेत्र पहिल्यापासूनच तसं ठेवायला सुरुवात झाली. झिजलेल्या वस्तूनंच न झिजायचा आकार दाखवून दिला.

आपल्याकडची वाट खडतर होती. एप्रिल २०१० मध्ये जीसॅट-४ वर असे झेनॉनचे थ्रस्टर बसवले होते, पण स्वदेशी क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या, टप्प्यासह पहिल्यांदाच उडालेलं रॉकेट अपयशी ठरलं आणि उपग्रह बंगालच्या उपसागरात गेला. थ्रस्टरांना सुरू व्हायचीही संधी मिळाली नाही. पुढची संधी यायला सात वर्षं लागली. ५ मे २०१७ ला जीसॅट-९, म्हणजे दक्षिण आशिया उपग्रह, विद्युत प्रणोदन घेऊन गेला. मार्च २०२५ मध्ये इस्रोनं जाहीर केलं की ३०० मिलिन्यूटनच्या थ्रस्टरची हजार तासांची चाचणी पूर्ण झाली. साडेपाच किलोवॅटच्या आसपास वीज खाणारा हा थ्रस्टर आहे. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर चार ओळींची होती. मला ती पहिल्या पानाची वाटली. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस, अवकाशासारख्या निर्वात कक्षात, मध्ये मध्ये थांबून आतलं अस्तर किती झिजलं ते तपासत.

आता तुमचे प्रश्न घेतो.

एका काकांनी विचारलं की गुरू-शनीपर्यंत ही इंजिनं का जात नाहीत. कारण ऊन. गुरूपाशी ऊन आपल्या सत्ताविसाव्या हिश्श्यानं उरतं, तेवढ्यात सौर पंखांतून वीज निघायची किती? अणुभट्टी न्यावी लागेल. सोव्हिएत रशियानं १९८७ मध्ये अणुभट्टी असलेले दोन उपग्रह पृथ्वीच्या कक्षेत सोडले होते, पण त्या वाटेनं पुढे फार कुणी गेलं नाही. सध्या सायकी नावाचं यान मंगळ आणि गुरूच्या मधल्या एका धातूबहुल लघुग्रहाकडे हॉल थ्रस्टरवर चाललं आहे, टाकीत हजार किलोहून जास्त झेनॉन घेऊन. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच्या वायूच्या नळीतला दाब घसरला, तेव्हा राखीव नळीवर वळवून जूनपर्यंत पुन्हा चालू केलं. २०२९ मध्ये ते पोचायचं आहे.

पाऱ्याचं काय झालं, असं एका ताईंनी विचारलं. पारा विषारी, यानाच्या पृष्ठभागावर बसून नुकसान करतो, म्हणून तो केव्हाच मागे पडला. मध्यंतरी स्वस्त म्हणून तो परत आणायचा विचार पुढे आला होता. मार्च २०२२ मध्ये पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीत उपग्रहांसाठी पारा वापरणं बंद करायचं ठरलं. फार बरं झालं.

आणि शेवटचा प्रश्न मागच्या बाकावरून, अकरावीतल्या मुलीचा. या क्षेत्रात काम करणारी माणसं रोज नेमकं करतात काय?

बाळा, त्यातल्या काही जणांनी काय केलं ते सांगतो. डीप स्पेस उडालं तेव्हा त्याच्या इंजिनाचा एक जोडीदार जमिनीवर राहिला होता, राखीव म्हणून. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत तो निर्वात कक्षात ठेवला आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू केला. यान मोहीम संपवून निवृत्त झालं तरी तो जमिनीवर चालूच होता. लोक पाळीपाळीनं येत, आकडे लिहीत, वीज कमी-जास्त करून बघत आणि घरी जात. असं जून २००३ पर्यंत, ३०,३५२ तास. त्यानं २३५ किलो झेनॉन संपवला. तोवर बाहेरच्या चाळणीची भोकं रुंदावली होती, आतल्या कॅथोडसमोरची चकती पार झिजून नाहीशी झाली होती, आणि इंजिन तरीही चालत होतं. पुढे डॉन यानाला अशीच तीन इंजिनं घेऊन मंगळ आणि गुरूच्या मधल्या वेस्टा आणि सेरेस या दोन गोलांपर्यंत जायचं होतं, आणि आत नेमकं काय किती उरलं आहे हे कळणं गरजेचं होतं. म्हणून त्यांनी ते चालतं इंजिन बंद केलं, कक्षातून बाहेर काढलं, उघडलं, कापलं आणि एकेक भोक मोजायला बसले.